वर्धापनदिन कोणाचा?

एस्सेलवर्ल्ड सुरू झाले १९८९ साली, वॉटर किंगडम १९९८ साली. या सनांचे स्मरणरंजन मध्यमवर्गात अजून चालते. मुलांना लाँचमधून आम्हीही नेले होते, हे कबूल. परंतु २०२२ साली एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबले तेव्हा तेथील कामगारांचे पुढे काय, हे किती जणांनी विचारले?

पाळणे फिरले त्या तेहतीस वर्षांत गोराईच्या खाडीवर पूल झाला नाही. ग्रामस्थांना बोरिवलीस जायचे तर बोट, नाही तर भाईंदरचा वळसा!

जमिनीचा खंड मालकाच्या कर्तृत्वातून उपजत नाही, हे रिकार्डोने १८१७ सालीच सांगितले. गोराईचा भाव वाढविला तो मुंबईच्या विस्ताराने, म्हणजे लक्षावधी श्रमिकांनी. तरी याच उद्योगसमूहाने या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला. कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ग्रामस्थांनी त्यास कडवा विरोध केला. त्या लढ्याचा वर्धापनदिन कोणी साजरा करीत नाही.

यापुढे त्या जमिनीवर जे काही उभारावयाचे असेल, त्याचा करार प्रथम गोराईच्या गावठाणात, मराठीत, जाहीर वाचला गेला पाहिजे. पक्षाच्या बोरिवलीतील कार्यकर्त्यांनी ही मागणी आतापासूनच लावून धरावी.