होडी एका बाजूला का ओढते?

बंगळूरच्या अलसूर तलावाशेजारी मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. नद्या ओलांडून देणाऱ्या या जवानांना मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली छोटी होडी नवी नाही. आपण मात्र सुट्टीत कधी ती हाकायला घेतली, तर ती सारखी उजवीकडे वळू पाहते नि मनगट भरून येते. दोष हाताचा नव्हे, पंख्याचा! बहुतेक पंखे मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्याचाच हा ओढा.

आधी माणसे व सामान दोन्ही बाजूंना सारखे बसवा. इंजिन फार बाहेर कललेले असल्यास थोडे आत घ्या. तरीही ओढ राहिली, तर पंख्याच्या वर, मागच्या बाजूस शेपटीसारखी पट्टी आहे का पाहा (अगदी लहान इंजिनांना ती नसतेही). इंजिन बंद करून, सुरक्षा-दोरी काढून तिचा बोल्ट सैल करा आणि मागचे टोक किंचित उजवीकडेच वळवा. ऐकायला उलटे वाटेल, पण पाण्याचा दाब मग इंजिनाला विरुद्ध बाजूस रेटतो. नेहमीच्या वेगात पाहून पुन्हा जुळवा.

हँडल अचानक सुटले, तर होडी गरकन वळून माणसाला पाण्यात फेकते. म्हणून निघताना ती दोरी मनगटाला अडकवा, लाइफ जॅकेट तर हवेच.