शिदोरी बरोबर असू द्या

आपल्या होस्टेलमध्ये ‘पोर्टेबल’ हा शब्द फुकट बदनाम झाला आहे. "तुझ्याकडे पोर्टेबल आहे का रे?" असं कुणी विचारलं की समजायचं, याला कुठल्या तरी महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली कॉपी हवी आहे. शब्दाचा खरा अर्थ मात्र अगदी साधा आणि सज्जन आहे. जे सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता चालतं, आपली सगळी सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतं आणि ते फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं तरी तसंच चालतं, ते पोर्टेबल. फुकट की विकत, हा वेगळा प्रश्न.

नेहमीचं सॉफ्टवेअर विंडोजवर इन्स्टॉल होताना काय करतं ते पाहा. थोडं प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातं, थोडं रजिस्ट्रीत नोंदवलं जातं, थोडं तुमच्या यूझर फोल्डरच्या आत लपलेल्या ॲपडेटामध्ये जाऊन बसतं. म्हणजे चार घरांत सामान पसरलेला भाडेकरू. त्याला हलवायचं तर सगळं नव्याने मांडावं लागतं. पोर्टेबल सॉफ्टवेअर हा एका ट्रंकेत संसार असलेला माणूस. २००४ साली जॉन हॉलर याने फायरफॉक्सची अशी पेन ड्राइव्हवर चालणारी आवृत्ती काढली आणि पुढे त्यातूनच पोर्टेबलॲप्सचा मोठा संग्रह उभा राहिला. पेन ड्राइव्ह बाजारात येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. २००० साली आयबीएमने विकलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पेन ड्राइव्हच्या जमान्यातलं. आज सगळं क्लाउडवर असतं, मग ही जुनी कढी कशाला? कारण आपण कर्जत-खालापूरला राहतो.

आपल्यातले निम्मेअधिक लोक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे निघालेले असतात. कुणी कल्याण-ठाण्याकडे, कुणी पनवेलला, कुणी घाट चढून पुण्याकडे. कर्जत ते सीएसएमटी म्हणजे शंभर किलोमीटर, दोन तासांहून जास्त प्रवास. एवढ्या वेळात एक आख्खा जर्नलचा प्रयोग लिहून होतो. पण नेरळ-भिवपुरीच्या पट्ट्यात फोनवर दिसणाऱ्या रेघांवर विसंबून कुणी कामाला बसू नये. पुण्याकडे जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, आपण दिवाडकरांचा वडा संपवतो, आणि मग ३७ फुटांना १ फूट अशा चढावर बोगद्यांमागून बोगदे सुरू होतात. १८६३ साली रेल्वेने हा घाट सर केला. मोबाइलच्या नेटवर्कला तो अजून नीटसा जमलेला नाही. खोपोलीची लोकल चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसून राहण्याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. पावसाळ्यात लाइटचं काय होतं, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. गंमत अशी, की याच खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत १९१५ पासून टाटांच्या केंद्रात मुंबईसाठी वीज तयार होते!

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपलं काम आपण बसू तिथे चाललं पाहिजे. ट्रेनमध्ये, घरी बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर, लॅबमधल्या मशीनवर, इंटर्नशिपच्या ऑफिसात. नेटवर्क हा पाहुणा आहे. आला तर स्वागत, नाही आला तर आपलं जेवण अडता कामा नये.

क्लाउडशी माझं भांडण नाही. दुसरी कॉपी ठेवायला तो उत्तम आहे. पण एकमेव कॉपी तिथे ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपली तिजोरी ठेवणं. नियम तो ठरवणार. २०२१ मध्ये गुगलने शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा भल्याभल्या विद्यापीठांना आपली कपाटं आवरावी लागली. आपलं वैयक्तिक खातं १५ जीबीला भरतं, आणि त्यात मेल, फोटो, फाइल सगळं आलं. कॉलेजचं खातं पास आऊट झाल्यावर किती दिवस टिकेल, हे आपल्या हातात नसतं. आणि नव्या मशीनवर लॉगिन करताना ओटीपी ज्या फोनवर येणार, त्या फोनची बॅटरी बदलापूरलाच संपलेली असते.

सॉफ्टवेअर पोर्टेबल असून भागत नाही, फाइलही पोर्टेबल हवी. खरी फजिती इथेच होते. प्रोजेक्टच्या डेमोला दरवर्षी दिसणारं दृश्य आठवा. रूमवर झकास चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. कारण कोडमध्ये फाइलचा पत्ता लिहिलेला असतो डी ड्राइव्हपासूनचा, आणि लॅबच्या मशीनवर तो डी ड्राइव्हच नसतो. पेन ड्राइव्हचंही तसंच. इथे ई, तिथे जी. पत्ता ‘या फोल्डरच्या आत डेटा, त्याच्या आत अमुक फाइल’ असा सापेक्ष दिला की हा रोग मुळातून जातो. प्रेझेंटेशनमध्ये लिंक केलेला व्हिडिओ, एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटला जोडलेले आकडे, ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये बाहेरून जोडलेली ड्रॉइंग्ज, सगळ्यांची हीच कथा. ऑटोकॅडमध्ये यासाठी ई-ट्रान्समिट आहे, सॉलिडवर्क्समध्ये पॅक अँड गो आहे. ड्रॉइंगला लागणारं सगळं गोळा करून एकत्र बांधून देणाऱ्या या सोयी आहेत. वापरणारे किती? मेकॅनिकलवाल्यांनी आपापल्या मनाला विचारावं.

आणि मराठी विभागात लिहितोय, म्हणून एक घरचं दुखणं सांगतो. २००० च्या दशकात मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी फॉन्ट. प्रत्येकाचं कोडिंग वेगळं. एका मशीनवर सुंदर दिसणारा लेख दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. श्रीलिपीला तर हार्डवेअर लॉक असायचं. लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही. त्या काळातल्या कित्येक अंकांच्या सीड्या आज हाती लागल्या तरी तो फॉन्ट शोधल्याशिवाय वाचता येत नाहीत. कागदावर छापलेला अंक मात्र कपाटातून काढला की वाचता येतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट आहे. तरी डीटीपीवाल्यांच्या सवयीमुळे आपण वर्षानुवर्षं जुन्याच फॉन्टना चिकटून राहिलो. तेव्हा अंकासाठी लेख देणाऱ्यांनो, युनिकोडमध्ये द्या. संपादक मंडळाचा दुवा मिळेल. आणि जे फक्त वाचायचं किंवा प्रिंट करायचं आहे ते पीडीएफ करून ठेवा. १९९३ साली आलेल्या या फॉरमॅटच्या नावातला पहिला शब्दच ‘पोर्टेबल’ आहे, आणि २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे एका कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही.

मग शिदोरीत काय बांधायचं? फार नाही. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, सुमात्रा पीडीएफ, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस हे सगळे पोर्टेबल रूपात मिळतात. कॉम्प्युटरवाल्यांसाठी विनपायथन आहे, पोर्टेबल गिट आहे. व्हीएस कोडची झिप आवृत्ती उघडून त्यात इंग्रजीत ‘डेटा’ नावाचं रिकामं फोल्डर केलं की सगळी सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स त्यातच राहतात. ऑक्टेव्हची झिप मिळते, फ्रीकॅडही इन्स्टॉल न करता चालतं. मर्यादाही सांगून ठेवतो. ड्रायव्हर लागणाऱ्या गोष्टी अशा चालत नाहीत. आर्डुइनोचा एडिटर उघडेल, पण बोर्डाचा ड्रायव्हर मशीनवर नसेल तर कोड बोर्डावर जाणार नाही. स्वस्त पेन ड्राइव्हवरून मोठं सॉफ्टवेअर चालवलं तर ते बैलगाडीच्या चालीने चालतं. तेव्हा फोल्डर आधी मशीनवर कॉपी करावं, काम झालं की परत घ्यावं. एफएटी३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावतच नाही. ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आता त्या बदनामीकडे वळतो. क्रॅक केलेल्या ‘पोर्टेबल’ कॉप्या होस्टेलमध्ये फिरतात, हे काही गुपित नाही. त्या कुणी बनवल्या, आत काय घातलं, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. चोर घरात येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला सांगतो, आणि आपण बांधतो! फुकटच हवं असेल तर उजळ माथ्याने फुकट मिळणारं पुष्कळ आहे. आपल्या शेजारी, पवईला, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅबचा प्रसार करतो. सर्किटसाठी त्यांचं ई-सिम आहे, स्टील डिझाइनसाठी ओसडॅग आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत आणि ते डाउनलोड करून नेटशिवाय बघता येतात. कर्जत लोकलसाठीच केल्यासारखे!

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. पेन ड्राइव्हची दुसरी बदनामी व्हायरसची, आणि ती मात्र खरी आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ऑटोरनमुळे पेन ड्राइव्ह लावताच व्हायरस शिरायचा. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये अपडेट देऊन ते बंद केलं. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट तर यूएसबीवरून इराणच्या अणुकेंद्रापर्यंत पोचला होता. आपल्याकडे त्याची धाकटी भावंडं अजून आहेत. फोल्डर गायब होतात आणि त्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. हा प्रसाद बहुधा झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर मिळतो, कारण तिथे दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह लागतात. म्हणून प्रिंटसाठी एक वेगळा, छोटा पेन ड्राइव्ह ठेवावा. त्यात फक्त पीडीएफ. कामाची शिदोरी त्या मशीनला दाखवूच नये.

तसंच, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आधार, मार्कशीट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यांचे स्कॅन आपण सगळेच जवळ बाळगतो. तो पेन ड्राइव्ह लोकलमध्ये खिशातून पडला तर? असे स्कॅन सेव्हन-झिपने पासवर्ड लावून एका फाइलमध्ये बांधावेत, आणि पासवर्ड लावताना फाइलची नावं लपवण्याचा पर्यायही निवडावा. आणि पोर्टेबल ब्राउझर वापरला म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर आपण अदृश्य होत नाही. विंडोज आपल्या नोंदी ठेवतंच, आणि मशीनवर कीलॉगर असेल तर पासवर्ड जातोच. बँकेचं काम परक्या मशीनवर करू नये ते नकोच.

शेवटी आमच्या सर-मॅडमना आणि लॅब असिस्टंट मंडळींना एक विनंती. लॅबमधले यूएसबी पोर्ट बंद करण्यामागची तुमची काळजी समजते. एकाच्या पेन ड्राइव्हमुळे साठ मशीन फॉरमॅट कराव्या लागतात त्या तुम्हालाच. पण पोर्ट बंद करून मुलं पेन ड्राइव्ह वापरायची थांबत नाहीत. ती फाइल मेलवर टाकतात, परक्या मशीनवर स्वतःचं खातं उघडतात आणि लॉग आऊट करायचं विसरतात. त्यापेक्षा लॅबच्या दाराशी एखादं जुनं मशीन लिनक्स टाकून ठेवा. पेन ड्राइव्ह तिथे तपासायचा, हव्या त्या फाइल तिथून लॅबच्या सर्व्हरवर घ्यायच्या, मगच आत. आणि डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर अभ्यासक्रमाला लागणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं एक फोल्डर ठेवा, मूळ ठिकाणाहून डाउनलोड केलेलं आणि तपासलेलं. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, घरी नेट नाही, त्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. तो मुलगा घरी जाताना काम बरोबर नेऊ शकला, तर सोमवारी बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहील. लॅपटॉपवाल्याला हा लेख सोय वाटेल. त्याच्यासाठी हा सबमिशनचा प्रश्न आहे.

तर मित्रहो, पुढच्या शुक्रवारी बॅग भरताना एवढं करा. चालू सेमिस्टरचं सगळं काम एका फोल्डरमध्ये, लागणारं सॉफ्टवेअर शेजारच्या फोल्डरमध्ये, एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर प्लॅस्टिकच्या पिशवीत (आपला पाऊस विसरू नका), आणि नेट असेल तेव्हा एक क्लाउडवर. मग वायफाय बंद करून ते फोल्डर मित्राच्या मशीनवर उघडून बघा. जे उघडलं नाही, ते अजून तुमच्याबरोबर प्रवासाला तयार नाही. बघा, पटतंय का!