उबेचा हिशेब

आमचा पुतण्या ऑस्लोला असतो. नॉर्वेत २०२४ साली खपलेल्या नव्या मोटारींत शेकडा ८९ विजेच्या होत्या, याचीही विजेचीच. गेल्या हिवाळ्यात, उणे अठरा अंशांत, बायको आणि धाकट्या मुलीला घेऊन तो बेर्गेनकडे घाट चढत होता. बाहेर बर्फ, आणि समोर उरलेल्या किलोमीटरांचा आकडा भराभर उतरणारा! पोरीला ऊब द्यावी, की मुक्काम गाठावा?

पेट्रोलच्या इंजिनाला हा पेच नाही. ते मुळात उधळे. इंधनातली निम्म्याहून अधिक शक्ती उष्णता होऊन वाया जाते आणि आपण तिच्यावर फुकट शेकतो. विजेची मोटार काटकसरी; तिची ऊब बॅटरीतूनच काढायची. आणि थंडीने बॅटरी आधीच आखडलेली!

पुतण्याने वेग उतरवला, आपला कोट मुलीवर घातला, गरम हवा कमी केली आणि बैठकीच्या उबेवर भागवले. तिला वीज थोडी लागते. चार्जिंगचे ठाणे आले तेव्हा बारा किलोमीटर शिल्लक होते.

आता तो निघण्यापूर्वी, घरची वीज जोडलेली असतानाच, गाडी तापवून घेतो. त्याची आजी चूल विझण्याआधी अंघोळीचे पाणी ठेवून घेई. नातू वेगळे काय करतो?