लादी नंतर, आधी कोबा

पतपेढीचे कर्ज मंजूर झाले किंवा बोनस हाती आला की घरात लादी बसवण्याचा विषय निघतो. आपण दुकानात जाऊन रंग पाहतो, भाव करतो. खालच्या कोब्याकडे मात्र कोणी पाहत नाही. पुढे लादी पोकळ वाजते, फुटते, ती पुष्कळदा त्या कोब्यामुळेच.

प्रथम खोली रिकामी करावी. हातोडीने कोबा हलकेच ठोकत जावे. बद्द आवाज येईल तेथे थर सुटलेला आहे. खडूने खूण करून तेवढा भाग फोडावा व नव्याने भरून घ्यावा. केसासारखी भेग बुजवून चालते. परंतु भेगेची एक कड वर आणि दुसरी खाली असेल तर आतली भरणी दबली आहे. तळमजल्यावर तेथे कोबा उकरून मुरूम पाणी मारून धुमसल्याशिवाय मार्ग नाही. ओलीची शंका असल्यास प्लॅस्टिकचा दोन फुटी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. खाली पाणी जमले तर आधी ओलीचा बंदोबस्त, मग लादी.

जुना कोबा वरून सिमेंट घोटून गुळगुळीत केलेला असतो. पुसायला तो बरा, पण त्यावर माल धरत नाही. छिन्नीने जवळजवळ टोचून तो खडबडीत करावा लागतो. मिस्त्री हे काम टाळतात, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. आम्हाला ती पुरती पटत नाही. मजुरी लादीच्या चौरस फुटावर ठरते, टोचण्याचा दिवस कोणी हिशेबात धरत नाही. आपल्या वस्तीतले कितीतरी बंधू याच कामावर पोट भरतात. ते फुकट का टोचतील? ती मजुरी आधी ठरवावी आणि द्यावी. टोचताना पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडका बांधावा. ही बारीक धूळ फुप्फुसात बसते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. आम्ही कारकून माणसे, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. 100 चौरस फुटांच्या खोलीत एक इंच माल म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर, शिवाय लादीचे दीड-दोनशे. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत जाणकार अभियंत्याला विचारल्याशिवाय एवढा भार टाकू नये. कोबा सपाट असेल तर लादी चिकटवण्याच्या तयार मसाल्याचा पातळ थर पुरतो व वजन पुष्कळ वाचते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिला साध्या सिमेंटपेक्षा हा मसालाच बरा.

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारी भिंतींवर एका पातळीत खुणा कराव्यात आणि तेथून खाली टेपने मोजावे; खोलगट-उंचवटा लगेच कळतो. मोरीत चार फुटाला अर्धा इंच उतार कोब्यातच काढून घ्यावा. शेवटी झाडून, धुऊन, तेल-रंगाचे डाग खरवडून काढावेत. सिमेंटचा माल टाकताना कोबा ओलसर हवा, पाणी साचलेले नको. दार खालून किती तासावे लागेल, तेही त्याच वेळी मोजून सुताराला सांगून ठेवावे.