मक्षिकास्थाने मक्षिका

'मक्षिकास्थाने मक्षिका' हा वाक्प्रयोग आपण निंदेसाठी वापरतो. मूळ पोथीच्या पानावर एक माशी चिरडून चिकटलेली होती, म्हणून नकलनविसाने आपल्या प्रतीतही त्याच जागी माशी मारून चिकटवली, अशी त्यामागची कथा. अर्थ न समजता केलेली तंतोतंत नक्कल, हा त्याचा आशय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात माशीच्या जागी माशी ठेवण्याचा हा उद्योग शब्दशः आणि अत्यंत गांभीर्याने चालू होता. त्यातून जो वाद उभा राहिला तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. विषय वरवर आपल्यापासून फार दूरचा आहे: कृत्रिम माशीने ट्राउट मासा धरण्याचा. पण नियम कोणासाठी असतात, हा त्यातील प्रश्न आपल्या वर्गातही रोज उभा असतो.

प्रथम त्या विद्येची थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, आणि आमिषाच्या वा शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात दूर जाते. ट्राउट हा थंड, प्राणवायूने समृद्ध पाण्यातला मासा असून त्याच्या आहारात पाणकिड्यांचा वाटा मोठा असतो. हे किडे इतके हलके असतात की त्यांची प्रतिकृती फेकता येणे अशक्य. म्हणून येथे वजन आमिषाला नसून दोरीला असते. लवचीक काठीच्या झोक्याने जड दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या टोकाच्या बारीक तंतूला बांधलेली, पिसे, लोकर व रेशमी धागा गुंडाळून केलेली 'माशी' पाण्यावर अलगद टेकवायची, हे या कलेचे मर्म. पाण्याच्या ओढीने माशी किंचित जरी अस्वाभाविकपणे सरकली तरी मासा पाठ फिरवतो.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ईलियन याने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. तेथील मासे एक विशिष्ट किडा खात, पण त्या किड्याला हात लागताच त्याचा रंग उतरे. म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवीत. खरी माशी चालत नाही म्हणून खोटी माशी, असा हा व्यवहार होता. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी प्रबंधात (त्याचे कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स या नावावर सांगितले जाते, पण ते वादग्रस्त आहे) महिन्यांनुसार बारा माश्यांची यादी आहे, आणि एका वेळी फार मासे धरण्याचा लोभ नसावा असा उपदेशही आहे. पुढे आयझॅक वॉल्टनचे 'द कंप्लीट अँगलर' हे पुस्तक १६५३ साली आले. त्याला १६७६ साली चार्ल्स कॉटनने कृत्रिम माशीवरचा भाग जोडला.

वाद पेटला तो टेस्ट आणि इचिन या नद्यांवर. या नद्यांचे पाणी खडूच्या थरांतून झिरपून येते, त्यामुळे ते नितळ असते आणि त्याचे तापमान वर्षभरात फारसे बदलत नाही. पाण्यातला मासा काठावरून दिसतो. तो वर येऊन तरंगता किडा कसा टिपतो, हेही दिसते. फ्रेडरिक हॅलफर्ड याने या निरीक्षणाला शास्त्राचे रूप दिले. त्याच्या १८८६ सालच्या पुस्तकात तरंगत्या माश्यांचे नव्वद नमुने हाताने रंगवलेल्या चित्रांसह दिले आहेत, आणि १८८९ सालच्या दुसऱ्या पुस्तकात त्यांच्या वापराची पद्धत मांडली आहे. पद्धत अशी: आधी पृष्ठभागावर किडा टिपणारा मासा हेरायचा, तो कोणता किडा खात आहे हे ओळखायचे, त्याच किड्याची अचूक नक्कल घ्यायची, आणि ती प्रवाहाच्या वरच्या दिशेने अशी टाकायची की ती कोरडी तरंगत माशाकडे जाईल.

हॅलफर्डला हसण्याचे कारण नाही. त्याच्याइतक्या बारकाईने ते किडे फार थोड्यांनी पाहिले होते. अडचण त्याच्या अनुयायांनी केली. गुरूचे निरीक्षण हा शिष्यांचा सिद्धांत झाला आणि सिद्धांताचा लवकरच शिष्टाचार झाला. अनेक खाजगी पाण्यांवर कोरड्या माशीखेरीज दुसरे काही वापरणे निषिद्ध ठरले. बुडती माशी वापरणारा माणूस अकुशल आहे एवढेच म्हणून लोक थांबले नाहीत. तो सभ्य नाही, असेही म्हटले जाऊ लागले.

जी. ई. एम. स्क्यूज हा लंडनमधील वकील. इचिनच्या एका पट्ट्यावर त्याने पन्नासहून अधिक वर्षे गळ टाकला. त्याने केलेली गोष्ट साधी होती. धरलेल्या माशाच्या पोटातून एका लांबट चमच्याने अन्न काढून ते पाण्यात पसरून तो पाहत असे. त्यात पंख फुटलेल्या माश्यांपेक्षा त्यांची पाण्याखालची अवस्था, म्हणजे 'निम्फ', हीच पुष्कळदा अधिक सापडे. मेफ्लाय हा किडा आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढतो. पंख फुटल्यावर तो फार तर काही दिवस जगतो आणि त्या काळात काही खातही नाही. तेव्हा माशाने अन्नासाठी केवळ त्या पंखवाल्या घटकेची वाट का पाहावी? काठावरून पृष्ठभागावर टिपल्यासारखी दिसणारी हालचाल अनेकदा पृष्ठभागाच्या किंचित खाली चाललेल्या भोजनाची असते, असे स्क्यूजने दाखवले. १९१० सालच्या आपल्या पुस्तकात त्याने बुडत्या माशीची बाजू सौम्य शब्दांत मांडली आणि पुढे निम्फच्या प्रतिकृतींचा पुरस्कार केला. त्यावरील रोष इतका टिकला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता. त्याच वर्षी त्याने ते पाणी सोडले.

मला यात लक्षणीय वाटते ते असे. दोघेही अनुकरणवादीच होते; दोघांनाही माशीच्या जागी माशीच ठेवायची होती. भेद होता तो पुरावा कोठे शोधायचा याबद्दल. हॅलफर्डच्या संप्रदायाने पुरावा पृष्ठभागावर शोधला, कारण पृष्ठभाग माणसाला दिसतो. स्क्यूजने तो माशाच्या पोटात शोधला. एकाची नक्कल पाहणाऱ्याच्या डोळ्याला पटणारी होती, दुसऱ्याची खाणाऱ्याला. कवितेचे वृत्त, अलंकार, रस यांची नावे अचूक लिहून घेणारे अध्यापन पुष्कळदा पहिल्या प्रकारात मोडते. यादी बिनचूक असते, पण कविता कशावर जगते ते तिच्यात येत नाही.

योगायोग असा की त्याच सुमारास मराठीतही रचनेच्या नियमांचा प्रश्न ऐरणीवर होता. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'ची सुधारित आवृत्ती १९३७ सालची आणि अनिलांची मुक्तछंदातील 'भग्नमूर्ती' १९४० सालची. या साम्याचा अर्थ ताणू नये. एवढेच म्हणावे की मुक्तछंद म्हणजे नियमांचा अभाव नव्हे हे जसे मराठी वाचकाला हळूहळू उमगले, तसेच निम्फ म्हणजे नियमभंग नव्हे हे कोरड्या माशीच्या भक्तांनाही कालांतराने उमगले. नेदरेव्हन येथील नदीरक्षक फ्रँक सॉयर याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर बांधलेली निम्फ आज जगभर वापरली जाते. किड्याच्या अवयवांची मोजदाद तिच्यात नाही. आकार आणि बुडण्याची रीत मात्र आहे, आणि माशाला तेवढे पुरते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. प्रत्येक खेळाचे नियम यादृच्छिकच असतात. बुद्धिबळातील घोडा अडीच घरेच का चालतो असे कोणी विचारत नाही. हॅलफर्डपंथीयांनी स्वतःवर बंधन घातले म्हणूनच त्यांचे कौशल्य वाढले. स्वेच्छेने स्वीकारलेल्या अशा बंधनाविषयी माझी तक्रार नाही. कोणी आयुष्यभर केवळ सुनीतेच लिहावीत. तक्रार आहे ती आपल्या आवडीचे बंधन दुसऱ्याच्या नीतीचे माप म्हणून वापरण्याविषयी. बुद्धिबळातील घोडा लाकडाचा असतो हाही भेद विसरता येत नाही. या खेळात दोरीच्या दुसऱ्या टोकाला जिवंत प्राणी आहे, आणि त्याने खेळायला संमती दिलेली नाही.

म्हणून ट्राउटविषयक नियमांचे दोन वर्ग करावेत असे मी सुचवतो. एक वर्ग माणसाच्या प्रतिष्ठेतून निघतो, दुसरा माशाच्या गरजेतून. कोरड्या माशीची सक्ती पहिल्या वर्गातील. विणीच्या काळातील बंदी, उलटा काटा नसलेला गळ, उन्हाळ्यातील निर्बंध हे दुसऱ्या. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नदीचे पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोचले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याची तरतूद आहे, कारण उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडून दिला तरी मरतो. यलोस्टोन उद्यानात मूळचा कटथ्रोट ट्राउट पाण्यात परत सोडावाच लागतो. उलट तेथल्या यलोस्टोन सरोवरात १९९४ साली आढळलेला परका लेक ट्राउट सापडल्यास मारावाच लागतो, कारण तो कटथ्रोटला खातो. शिवाय कटथ्रोट जसा विणीसाठी उथळ ओढ्यांत येऊन अस्वलांचे व पक्ष्यांचे भक्ष्य होतो तसा हा येत नाही, खोल पाण्यातच राहतो. एकाच नियमपुस्तकात सोडण्याची आणि मारण्याची अशा दोन्ही आज्ञा आहेत, आणि दोहोंचे कारण एकच आहे. जिथे कारण सांगता येते तिथे नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

साहित्य शिकवताना हा भेद कामाला येतो. हेमिंग्वेची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही १९२५ सालची कथा आपल्याकडे बहुधा युद्धाच्या न उच्चारलेल्या जखमेची कथा म्हणून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. तीत निक हा लहान ट्राउट सोडताना आधी आपला हात ओला करतो. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा नाजूक चिकट थर निघतो आणि उघड्या जागी बुरशी धरते. कथेतच त्याचा उल्लेख आहे. हा निक गळाला जिवंत टोळ लावतो, म्हणजे हॅलफर्डच्या पंथात त्याला थारा नाही. पण त्याचा ओला हात दुसऱ्या वर्गातील नियम पाळतो. जखमी माणसाने दुसऱ्या जिवाच्या त्वचेची घेतलेली ही काळजी ज्याला कळली नाही, त्याला कथेतील युद्धही पुरते कळले असे म्हणता येणार नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. मासा धरून सोडून देणे ही या छंदाची आधुनिक नीती आहे, आणि तिच्यामुळे अनेक नद्यांत मासे टिकले हे खरे. परंतु स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार सोडून देण्याच्या हेतूनेच मासा धरणे निषिद्ध आहे: खायचा असेल तर धरावा, केवळ करमणुकीसाठी त्याला वेदना देऊ नये. लिन स्नेडन व तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउटच्या डोक्यावर व तोंडाजवळ वेदनाकारक उत्तेजना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. त्या अनुभवाला मानवी अर्थाने वेदना म्हणावे का यावर वाद चालू आहे. एका देशात जे पुण्य ते दुसऱ्यात गुन्हा, असे हे चित्र आहे. यातून 'सर्व नियम सापेक्ष' असा आळशी निष्कर्ष काढू नये. यलोस्टोनचा नियम माशाच्या जातीचा विचार करतो, स्विस नियम एकेका माशाचा. दोन्ही दुसऱ्याच वर्गातील आहेत, आणि त्यांच्यातील भांडण खरे आहे.

माझे मत विचाराल तर 'मी सोडून देतो' हे वाक्य दिवसाला तीस मासे ओढण्याचा परवाना होऊ शकत नाही. मारलेल्या माशांइतकीच गळाला लागलेल्यांची गणती व्हायला हवी, पाणी तापले असता काठी घरी राहायला हवी, आणि एखादा मासा खाण्यासाठी धरणाऱ्याला असंस्कृत म्हणणे थांबायला हवे. हॅलफर्डच्या शिष्यांनी स्क्यूजकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने आज सोडणारे खाणाऱ्यांकडे पाहू लागले तर वाद शंभर वर्षे पुढे सरकला असे म्हणता येणार नाही.

आपल्या देशात काश्मीर व हिमाचलातील नद्यांत ट्राउट आहे, पण तो ब्रिटिश अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आणलेला पाहुणा आहे. तेथील मूळच्या माशाला इंग्रजीत 'स्नो ट्राउट' म्हणतात. तो वस्तुतः ट्राउट नसून कार्प कुळातील आहे. ओळखीच्या साच्यात बसवून दिलेले हे नावही पृष्ठभागावरच्या वाचनाचाच एक नमुना होय. सह्याद्रीच्या उबदार नद्यांत ट्राउट जगणार नाही, आणि मराठी वाचकाने ही काठी हाती घ्यावी असा माझा आग्रहही नाही. आपण शिकवतो त्या प्रत्येक नियमाला, मग तो वृत्ताचा असो वा समीक्षेचा, तो कोणाच्या उपयोगाचा आहे हे एकदा विचारावे, एवढेच सुचवायचे आहे.