खुर्ची बदलली, लॉगिनचे काय?

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या एका परिपत्रकाची बँकांबाहेर फारशी चर्चा झाली नाही. त्यानुसार संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, तेही आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवायचे. त्या काळात ऑफिसचा ई-मेल सोडला, तर त्याला कामाच्या कोणत्याही यंत्रणेत शिरता येता कामा नये. हेतू उघड आहे. माणूस टेबलापासून दूर गेला की त्याने झाकलेले उघडे पडते.

हा नियम हाताने पाळायचा म्हणजे एचआरने आयटीला मेल करायचा, आयटीने सवडीने लॉगिन बंद करायचे, आणि ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनी एक्सेल शीट भरत बसायचे. त्यापेक्षा रजेची नोंद होताच लॉगिन आपोआप बंद व्हावे. नेमणूक, बदली, निवृत्ती यांनाही हेच लागू. कोणी कोणाला कधी परवानगी दिली, याची नोंदही आयती राहते. एवढ्यापुरता मी ऑटोमेशनच्या बाजूने आहे.

पण ऑटोमेशनची सत्ता जोडलेल्या यंत्रणांपुरतीच असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा सुमारे ११,४०० कोटींचा घोटाळा जाहीर झाला. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरून परदेशात हमीचे संदेश जात होते. त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत, होत नव्हती, कारण दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. हे संदेश पाठवणारा उपव्यवस्थापक वर्षानुवर्षे त्याच शाखेत होता. तो निवृत्त झाला, नव्या अधिकाऱ्याने हमी मागणाऱ्यांकडे पूर्ण रोख मार्जिन मागितले, आणि बिंग फुटले. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. एवढे होऊनही मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयक नियम न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड झाला.

दुसरी गोम बदलीत आहे. निवृत्ताचे लॉगिन कधी ना कधी बंद होते. बदली झालेल्याला मात्र नवे अधिकार मिळतात आणि जुने काढायचे कोणी लक्षात ठेवत नाही. काल मेकर (व्यवहार नोंदवणारा) असलेला आज चेकर (तो मंजूर करणारा) होतो, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिशात राहतात. अधिकारांच्या तिमाही तपासणीत दोनशे नावांची यादी समोर आली की साहेब सरसकट ‘मंजूर’ करून मोकळे होतात. ऑटोमेशनने हा शिक्का फक्त अधिक वेगाने बसतो.

म्हणून ऑडिटरने चकचकीत डॅशबोर्डवर समाधान मानू नये. आधी न जोडलेल्या यंत्रणांची यादी मागावी, आणि प्रत्येकीपुढे जोडणीची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. बदलीच्या आदेशाबरोबर जुने अधिकार आपोआप रद्द व्हावेत. ज्याला ते हवेत त्याने कारण देऊन पुन्हा मागावेत. मागताना अडचण होईल, तक्रारी येतील. नियमाला तेवढी अडचण अभिप्रेतच आहे.