नाव छापण्याची सक्ती

या अंकावर संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापली आहेत. ती हौस नव्हे. मुद्रकाचं नाव-ठिकाण छापण्याची सक्ती १८६७च्या कायद्यापासून चालत आली आहे. 'मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' अशी ओळही आम्ही सवयीने टाकतो. पण मजकुराने कुणाची बदनामी झाली, तर त्या ओळीचा आडोसा पुरत नाही. लेखकाबरोबर आम्हालाही कोर्टाच्या तारखा कराव्या लागतात.

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत आता अंकाआधी मोबाइल उघडतो. तिथला मजकूर पोचवणाऱ्या कंपन्यांना मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण आहे: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराचा जाब त्यांना द्यावा लागत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, मंगळवेढ्याकडची माणसं. त्या दिवसांत त्या भागात व्हॉट्सॲपवर मृत मुलांचा एक व्हिडिओ फिरत होता. मुलं होती सीरियातल्या २०१३च्या विषारी वायूहल्ल्यातली. गुन्हे मारणाऱ्यांवर दाखल झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा आणली. म्हणजे कळ त्यांच्या हाती आधीही होती. ती फिरवायला पाच माणसं मरावी लागली, याचा जाब कोणी घ्यायचा?

कलम ७९चं संरक्षण बिनशर्त नाही. मजकूर कुणाकडे जावा हे कंपनीने ठरवता कामा नये, अशी एक अट त्यात आहे. 'तुमच्यासाठी' म्हणून व्हिडिओमागून व्हिडिओ समोर ढकलणारी यंत्रणा दुसरं काय करते? कृत्रिम बुद्धिमत्ता तर मजकूर स्वतःच रचते. तिथे 'आम्ही फक्त पोचवतो' हे म्हणायलाही जागा नाही. आपल्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध आशा भोसले २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना दिलासा मिळाला. सौंसरच्या एखाद्या शिक्षिकेचा चेहरा कुणी अश्लील चित्रफितीवर चिकटवला, तर तिने वकील कुठून आणायचा?

यावर सगळी कळ सरकारच्या हाती द्या, असं सुचवणारेही भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. सरकारविषयीचं खरं-खोटं सरकारी कक्षानेच ठरवण्याची २०२३ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये रद्द केली, ते योग्यच झालं. सरकारने कंपन्यांकडून हिशेब मागावा: यंत्रणा काय पुढे ढकलते, किती तक्रारी आल्या, किती दिवसांत काय केलं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागला. मराठीत गेलेली तक्रार मराठी वाचणाऱ्या माणसाने वाचावी आणि ती फेटाळायची असेल, तर कारण मराठीत, स्वतःच्या नावानिशी कळवावं, एवढं तरी त्या नियमांत घालायला काय हरकत आहे?